आधी कोणाचे बीम?

(बी. कॉम. तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा लेख)

आमच्या वडगावात सकाळी जाग येते ती कोंबड्याच्या आरवण्याने नव्हे, मागाच्या खटखटाटाने. तो आवाज बंद पडला की झोप मोडते, असे म्हटले तरी चालेल. वीज गेली, सूत संपले, बीम उतरले किंवा मालक आणि व्यापारी यांचे बिनसले, यांपैकी काहीतरी घडलेले असते. शाळेत असताना मला वाटे की मागाचा धंदा म्हणजे विणणे. कॉमर्सला आल्यावर आणि आप्पांच्या कारखान्याची वही लिहू लागल्यावर समजले की विणणे हे निम्मेच काम. उरलेले निम्मे काम म्हणजे ठरवणे. कोणाचे काम आधी घ्यायचे, कोणाला थांबवायचे, कोणता माग रिकामा ठेवायचा आणि त्या रिकामेपणाचे पैसे कोणाच्या खिशातून जायचे.

या 'ठरवण्या'वर मला चार शब्द लिहायचे आहेत. आपल्या पुस्तकात या विषयाला 'उत्पादन नियोजन' असे भारदस्त नाव आहे. परीक्षेत त्यावर दहा गुणांचा प्रश्न येतो, आपण उत्तर पाठ करतो आणि विसरतो. पण बेळगावात राहून, शहापूर, वडगाव, खासबाग भागांत घरोघरी माग चालत असताना, हा विषय आपण पाठ करून विसरावा हे मला पटत नाही.

प्रथम पुस्तकाची बाजू. एकाच यंत्रावर अनेक कामे करायची असतील तर क्रम कसा लावावा, यावर १९५० नंतरच्या दशकात पुष्कळ काम झाले. १९५४ साली जॉन्सन यांनी दोन यंत्रांवरून एकापाठोपाठ जाणाऱ्या कामांचा नियम दिला. आपल्या भाषेत सांगायचे तर सूत आधी वार्पिंगवर आणि मग सायझिंगवर जाते, तसे. नियम सोपा आहे. सर्वांत कमी लागणारी वेळ शोधा. ती पहिल्या यंत्रावरची असेल तर ते काम सुरुवातीला घ्या, दुसऱ्या यंत्रावरची असेल तर शेवटी ठेवा आणि उरलेल्या कामांना हेच लावत जा. सगळी कामे मिळून कमीत कमी वेळात उरकतात. 'लवकर संपणारे आधी', 'ज्याची मुदत आधी ते आधी' हे नियमही पुस्तकात असतात. आणि हे नियम नसते तर? दहा कामे एका मागावर किती क्रमांनी लावता येतील? ३६,२८,८०० क्रमांनी! एकेक तपासत बसणारा मालक म्हातारा होईल आणि व्यापारी दुसरीकडे जाईल.

परंतु या प्रत्येक नियमाला एकच गोष्ट दिसते. एकाला वेळ दिसतो, दुसऱ्याला मुदत. कारखान्यात मात्र सगळ्या गोष्टी एकाच वेळी अंगावर येतात. रंगाईच्या कारखान्यात फिकट रंग आधी आणि गडद रंग शेवटी घेतात, कारण काळ्यानंतर पिवळा घ्यायचा तर भांडी घासण्यातच वेळ, पाणी आणि पैसा जातो. पण नेमके काळ्या मालाचे गिऱ्हाईक दारात उभे असले तर? मागावरही तसेच आहे. संपलेल्या बीमच्या जागी त्याच जातीचे बीम आले तर जुन्या तारांना नव्या तारा सांधल्या की काम पुढे चालू होते. जात बदलली की वहिफणी नव्याने करावी लागते. एकेक तार वहीतून आणि फणीतून ओढायची, हजारो तारा! तोवर माग उभा. आणि माग उभा म्हणजे विणकरही उभा. त्याची मजुरी साडीमागे असते. साडी नाही तर मजुरी नाही.

अशा अनेक बाजूंच्या प्रश्नासाठी ज्या रीती निघाल्या त्यांना बहुनिकष निर्णयपद्धती म्हणतात. नाव मोठे आहे, कल्पना जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७२ साली जोसेफ प्रीस्टली यांना लिहिलेल्या पत्रात सांगितले होते की कागदाच्या मध्ये रेघ ओढा, एका बाजूला अनुकूल मुद्दे लिहा, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल, आणि सारख्या वजनाचे मुद्दे समोरासमोर खोडत जा. आपल्या आजीने मुलगी दाखवताना दोन स्थळांची तुलना याहून वेगळी केली नसेल. पुढे १९८० साली थॉमस साटी यांचे पुस्तक आले. त्यांनी सांगितले की निकष दोन-दोन घेऊन तुलना करा. एक दुसऱ्यापेक्षा किती महत्त्वाचा ते १ ते ९ या मापाने मांडा आणि त्यावरून प्रत्येकाचे वजन काढा. १९८१ साली ह्वांग आणि यून यांनी आणखी एक रीत मांडली. सर्व बाबतींत उत्तम असा एक काल्पनिक पर्याय आणि सर्व बाबतींत वाईट असा दुसरा डोळ्यांसमोर ठेवायचा. आपल्या हातातला जो पर्याय उत्तमाच्या जवळ आणि वाइटापासून दूर, तो निवडायचा. असो. पुस्तकी पुराण इथेच थांबवते. आता आमच्या कारखान्यात या पुराणाचे काय झाले ते सांगते.

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाआधीची गोष्ट. आमचे माग आठ. एका मोठ्या व्यापाऱ्याच्या चारशे साड्यांचे काम चालू व्हायचे होते. मागावर होती तीच जात, म्हणजे नुसते सांधकाम. मुदत वीस दिवसांची. पण शेठजींचा निरोप होता की माल जितका लवकर तितके बरे. त्याच वेळी खानापूरकडच्या एका छोट्या दुकानदाराने लग्नाच्या आहेराच्या तीस साड्या मागितल्या. काठ वेगळा, जात वेगळी, आणि सहा दिवसांत हव्यात. एका मागावर दिवसाला तीन साड्या धरल्या तर आठ मागांवर चोवीस. तेव्हा चारशेला सतरा दिवस लागणार. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.)

मार्ग तीन होते. पहिला, आठही माग शेठजींच्या कामाला लावायचे आणि दुकानदाराला नाही म्हणायचे. दुसरा, आठही मागांवर आधी लग्नाच्या साड्या काढायच्या. त्या दोन दिवसांच्या आत झाल्या असत्या आणि शेठजींचे काम एकोणिसाव्या दिवशी, म्हणजे मुदतीत पुरे झाले असते. तिसरा, दोन माग लग्नाला आणि सहा शेठजींना द्यायचे. मग लग्नाच्या साड्या सहाव्या दिवशी, ऐन मुदतीवर, आणि मोठे काम अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी.

मी नुकतीच ही पद्धत वाचली होती. उत्साहाला भरती आली होती! रात्री कोष्टक मांडले. निकष दोन, नफा आणि दिलेला शब्द. प्रत्येकी दहापैकी गुण. पहिल्या मार्गाला नफ्याचे ९ आणि शब्दाचे ३, दुसऱ्याला ६ आणि ९, तिसऱ्याला ७ आणि ७. दोन्ही निकषांना निम्मे-निम्मे वजन. सरासरी आली पहिल्याची ६, दुसऱ्याची साडेसात, तिसऱ्याची ७. म्हणजे आठही मागांवर लग्न आधी! सकाळी मी ते मोठ्या ऐटीत कारखान्यात वाचून दाखवले. आधी मराठीत आणि मग कानडीत, कारण आमचे निम्मे विणकर कानडी बोलतात.

सर्वांत जुने विणकर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते ऐकून घेऊन म्हणाले, "बाळ, सगळं खरं. पण आठ मागांची वहिफणी दोनदा करायची. त्या दिवसांची मजुरी तुझ्या वहीत कुठल्या घरात लिहिलीस?"

मी वहीकडे पाहिले. ते घरच नव्हते.

हिशेब असा आहे. वहिफणीला मागे अर्धा दिवस धरा. दुसऱ्या मार्गात आठ मागांची वहिफणी दोनदा, एकदा लग्नाच्या जातीसाठी आणि एकदा परत शेठजींच्या जातीसाठी. म्हणजे सोळा अर्धे दिवस, एकूण आठ दिवसांची मजुरी बुडाली. तिसऱ्या मार्गात दोन मागांची दोनदा, म्हणजे दोन दिवसांची. पहिल्या मार्गात नुसते सांधकाम. दुकानदार लहान माणूस, त्याच्यामागे एका लग्नघराची अडचण, म्हणून माझे मन त्याच्या बाजूला गेले होते. पण त्या चांगुलपणाचा खर्च मी विणकरांच्या नावावर टाकत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता! गोष्टींच्या पुस्तकात असते तसे इथे एका बाजूला श्रीमंत आणि दुसऱ्या बाजूला गरीब असे सरळ नव्हते. इथे विणकराचे हित मोठ्या शेठजींच्या कामात होते.

मग तिसरा रकाना घातला, विणकराची सलग मजुरी. पहिल्याला ८, दुसऱ्याला ४, तिसऱ्याला ६. आता वजने किती द्यावीत? इथे खरी गंमत आहे. मजुरीचे वजन शंभरात ३० कायम धरले. नफ्याला ५० आणि शब्दाला २० दिले तर पहिला मार्ग ७.५ गुणांनी जिंकतो, दुसऱ्याला ६ आणि तिसऱ्याला ६.७ मिळतात. नफ्याला २० आणि शब्दाला ५० दिले तर दुसरा मार्ग ६.९ घेऊन वर येतो, तिसरा पुन्हा ६.७ आणि पहिला ५.७. दोघांना सारखे ३५-३५ दिले तर तिसरा मार्ग ६.७ वर पहिला, पण पहिला मार्ग त्याच्या मागे ६.६ वर आणि दुसरा ६.४५ वर. कोष्टक तेच, गुण तेच, माग तेच. वजन बदलले की उत्तर बदलते. शेवटच्या हिशेबात तर एखाद्या घरात मी तीनऐवजी चार गुण लिहिले असते तरी निकाल उलटला असता.

विद्यार्थिमित्रहो, यावरून कोणी म्हणेल की मग ही पद्धत म्हणजे आकड्यांचा खेळ आहे, मनात असेल ते उत्तर काढून घ्यावे. आमच्या वर्गातल्या एका मित्राने हेच म्हटले. मला तसे वाटत नाही. वजने ही पद्धतीने आणलेली नाहीत. ती आधीपासून होतीच. आप्पांच्या डोक्यात होती, शेठजींच्या फोनमध्ये होती, मामांच्या घरच्या चुलीपाशी होती. जो मालक म्हणतो 'मी कोणतेही वजन देत नाही, धंदा पाहतो', त्याने नफ्याला शंभर आणि बाकीच्यांना शून्य दिलेले असते, इतकेच. कोष्टकाने ते वजन कागदावर आणले. कागदावर आले म्हणून मामांना बोट ठेवता आले. माझ्या मते या पद्धतीचा हाच खरा उपयोग आहे. ती निर्णय देत नाही, भांडण योग्य जागी आणून सोडते.

पण तिच्यात एक धोका आहे आणि तो आपल्याला शिकवताना सांगितला जात नाही. बेरजेच्या रीतीत एका घरातली तूट दुसऱ्या घरातल्या जास्तीने भरून निघते. नफ्याचे गुण भरपूर असतील तर मजुरीच्या घरात शून्य असले तरी बेरीज छान दिसते. वहीत तूट भरून निघते, माणसाची भरून निघत नाही. आठवडाभर माग उभा राहिलेल्या विणकराला 'एकूण गुण चांगले आले' असे सांगून त्याच्या घरात तांदूळ येत नाहीत. म्हणून मला वाटते की वजने देण्याआधी काही हद्दी घालाव्यात. अमुक दिवसांपेक्षा जास्त कोणाही एका विणकराचा माग रिकामा राहणार नाही. एकदा हो म्हटलेले काम मागून आलेल्या मोठ्या कामासाठी ढकलायचे नाही. या हद्दींत जे मार्ग बसतील त्यांचीच मग तुलना करावी. आपल्याला परीक्षेतही हा नियम लागू आहे. एका विषयात शंभर पडले म्हणून दुसऱ्या विषयातले दहा गुण कोणी पास करून देत नाही! मग विणकराच्या पोटाला तरी पासाची रेघ का नसावी?

दुसरी गोष्ट अशी की कोष्टकात मांडलेले मार्ग हेच काय ते मार्ग, असे समजू नये. आप्पांनी तिसरा मार्ग घेतला, पण तसाच नाही. ते म्हणाले, "दोन मागांचे जे रिकामे दिवस, त्यांची मजुरी कारखान्याने द्यायची. नफ्यातून जाऊ दे." म्हणजे नफ्याच्या घरातले थोडे उचलून मजुरीच्या घरात ठेवले. माझ्या वहीत हा मार्ग नव्हताच, कारण मी 'निवडा' या शब्दापाशी अडकले होते. आप्पांनी निवडले नाही, बदलले. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे आहे.

आता शेवट गोड झाला असेल असे वाटेल. लग्नाच्या साड्या सहाव्या दिवशी संध्याकाळी गेल्या. शेठजींचे कामही मुदतीत झाले. पण त्यांना ते लवकर हवे होते. त्यांनी पुढचे काम आम्हाला निम्मेच दिले, निम्मे दुसरीकडे वळवले. दिवाळीनंतरचे दोन महिने आमचे तीन माग जवळजवळ उभे होते आणि त्यांतला एक मामांचा होता. पुढच्या कामाचे घर कोष्टकात ना मी घातले होते, ना मामांनी सुचवले होते. आप्पांचा निर्णय चुकला का? मी अनेकदा आकडे मांडून पाहिले. मामांना विचारले तर ते म्हणाले, "शब्द पाळला त्याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं. पण पुढच्या वेळी शेठजींना आधी फोन करा." एवढ्या एका वाक्यात माझ्या वहीपेक्षा जास्त धंदा होता. आम्ही शेठजींसाठी वजने ठरवली, पण त्यांना विचारले नाही. कदाचित त्यांना चारशेपैकी शंभरच साड्या लवकर हव्या असतील आणि बाकीच्या सावकाश चालल्या असत्या. विचारले असते तर कळले असते.

हे सगळे लिहिण्याचे कारण आपल्या अभ्यासाशी आहे. आपल्याला प्रकल्प करावा लागतो. दरवर्षी निम्मे विद्यार्थी कुठल्यातरी मोठ्या मोटारकंपनीची माहिती इकडून तिकडून उतरवतात, सुंदर कव्हर घालतात आणि तोंडी परीक्षेत गप्प बसतात. मीही तेच करणार होते. त्याऐवजी दोघा-तिघांनी मिळून एकेक मागाचा कारखाना घ्यावा. महिनाभर तिथे जाऊन बसावे. कोणते बीम आधी चढले, का चढले, माग किती तास उभा राहिला, वीज किती वेळ नव्हती, हे लिहावे. मालकाला विचारावे, विणकरालाही विचारावे आणि दोघांनी दिलेली वजने शेजारी-शेजारी ठेवावीत. दोन रकान्यांतला फरक हाच त्या प्रकल्पाचा निष्कर्ष.

कोणी म्हणेल, चार-आठ मागांच्या मालकाला कोष्टकाला वेळ कुठे आहे? खरे आहे, रोजच्या रोज नाही. पण सणासुदीच्या तोंडावर, कामे एकमेकांवर आदळतात तेव्हा, अर्ध्या तासाचे काम आहे आणि ते करायला आपण मुले-मुली घरात आहोत. मोठ्या गिरण्यांत आज हे काम संगणक करतो असे सांगतात. करू दे. पण संगणकालाही वजने कोणीतरी सांगावीच लागतात, आणि ज्याला वजन नाही त्याचे घर संगणक स्वतःहून आखत नाही.

आणि एक. या अंकात मराठी विभाग आहे तसा कानडी विभागही आहे. आमच्या कारखान्यातही दोन्ही आहेत. आपण माग म्हणतो, कानडीत मग्ग म्हणतात. आपण ताणा-बाणा म्हणतो, ते हासु-होक्कु म्हणतात. कॉलेजात येईपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले, पण मजुरीचा हिशेब मी आधी कानडीत ऐकला. वहीतले कोष्टक एकाच भाषेत लिहिले तर निम्म्या माणसांना त्यावर बोट ठेवता येणार नाही आणि मग राहिलेले घर कोणाला दिसणारही नाही. म्हणून प्रकल्प दोन्ही विभागांतल्या विद्यार्थ्यांनी जोडीने करावेत, अशी माझी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे.

यंदा तुळशीच्या लग्नाआधी पुन्हा तीच ओढाताण होणार. मी नवी वही आखली आहे. रकाने पाच आहेत आणि सहावा कोरा ठेवला आहे. तो मामांना विचारून भरायचा आहे.